दुसऱ्याच्या मापाची

पहिल्यांदा बघणाऱ्याला ही बंदूक वाटतच नाही. दस्त्याच्या मागच्या टोकाला लोखंडाची दोन शिंगं असतात, एक खांद्यावर टेकायला आणि दुसरं बगलेत अडकवायला. दस्त्याच्या कडेला गाल टेकायचा उंचवटा. नळीखाली एका दांडीवर लाकडाचा गोळा लटकलेला, तो तळहातावर तोलून धरायचा. चाप एक नाही, दोन. मागचा ओढला की आतली कळ ताणली जाते आणि मग पुढच्या चापाला बोट नुसतं लागलं तरी बार उडतो. खालची लिव्हर बोटांच्या वळणाने वाकवलेली. नळी जाड, बहुधा अष्टकोनी. सगळं मिळून वजन सहा किलोच्या घरात, कधी त्याच्याही वर. शिकारीला नेण्याच्या कामाची नाही, सैन्यात तर कोणी हसतच सुटेल. आमच्या घरी येणारे पाहुणे तिच्याकडे बघून आधी एकमेकांकडे बघतात.

तिला एकच काम होतं. माणसाने दोन पायांवर सरळ उभं राहायचं, कशाचाही आधार घ्यायचा नाही, आणि 200 यार्डांवरच्या, म्हणजे साधारण 183 मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा. त्या कागदाच्या मधल्या वर्तुळाचा व्यास दीड इंच, त्याचे गुण 25. पुढचं प्रत्येक कडं पाऊण इंच रुंद आणि प्रत्येकाला एकेक गुण कमी. उघड्या डोळ्यांना एवढ्या अंतरावरून दिसतो तो फक्त बारा इंचांचा काळा ठिपका. या खेळाला अमेरिकेत शूट्सन म्हणतात. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून आलेल्या लोकांनी तो आपल्याबरोबर आणला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन वस्ती असलेल्या बहुतेक शहरांत त्यांची शूट्सन पार्क होती. न्यू जर्सीत युनियन हिल, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे शेल माउंड, न्यूयॉर्कजवळ ग्लेनडेल. रविवारी सगळं घरदार तिथे जायचं. बँड, नाच, बिअर, सॉसेज, पोरांचा गोंधळ, आणि एका बाजूला लाकडी शेडमध्ये हे शिंगवाले लोक गंभीर चेहऱ्याने उभे. जो सर्वांत चांगला नेम मारी तो वर्षभर ‘राजा’. छातीवर पदकांची माळ घातलेल्या या राजांचे फोटो बघितले की जत्रेत कुस्ती मारलेल्या गड्यांची ऐट आठवते. फरक इतकाच, की इथले बरेचसे राजे पोट सुटलेले बेकर, खाटीक आणि दारूचे गुत्तेवाले होते.

मी आयुष्यभर कनेक्टिकटमध्ये टूलरूममध्ये काम केलं. या रायफलींकडे मला ओढलं ते नेमबाजीने नव्हे, लेथने. यांतली चांगली रायफल क्वचितच पूर्णपणे एका कारखान्यात तयार झालेली असते. कारखान्याची असते ती फक्त मधली यंत्रणा, काडतूस बसतं आणि घोडा पडतो तो भाग. मार्लिन कंपनीची बॅलार्ड, जॉन ब्राउनिंगच्या डिझाइनवरून विंचेस्टरने 1885 मध्ये काढलेली सिंगल शॉट, स्टीव्हन्स, रेमिंग्टन-हेपबर्न. ही यंत्रणा घेऊन शौकीन माणूस एखाद्या नळीवाल्याकडे जायचा. मूळ नळी काढून त्याच्या हातची बसवायची. दस्ता तिसऱ्याच कारागिराकडून, आपल्या मापाचा. नेम धरायची मागची पट्टी चौथ्याची. म्हणून या रायफलींची नावं माहेर आणि सासर दोन्ही लावणाऱ्या बायकांसारखी असतात: स्कोयेन-बॅलार्ड, पोप-स्टीव्हन्स, झिशांग-विंचेस्टर. कागदोपत्री एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तर त्यांत सारखं काही शोधावं लागतं. संग्राहकांना वेड लागतं ते याचंच. ठराविक मालाचा संग्रह पुरा करता येतो. हा कधीच पुरा होत नाही, कारण यादीच नाही.

माझ्याकडची माझी सर्वांत आवडती रायफल बॅलार्डवर बांधलेली आहे, नळी डेन्व्हरच्या जॉर्ज स्कोयेनची. स्कोयेन मूळचा नॉर्वेचा. तिच्या मालकाचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याचं शरीर मला चांगलं माहीत आहे. गाल टेकायचा उंचवटा दस्त्याच्या उजव्या अंगाला आहे, म्हणजे तो डावखुरा. दस्ता आखूड आहे, म्हणजे हात आखूड. तरीही उंचवटा चांगलाच उंच घेतलाय, तेव्हा मान लांब असणार. मान वाकवायचा त्याला कंटाळा असेल किंवा मानेचं काही दुखणं असेल, ते मात्र लाकूड सांगत नाही. तळहातावर धरायचा लाकडी गोळा एका बाजूने कानशीने सपाट केलाय. तो कारागिराने केलेला नाही, कानशीच्या खुणा तिरक्या आणि अधीर आहेत. मालकानेच घरी बसून केलं असावं. आणि लिव्हरच्या वळणात, जिथे तीन बोटांच्या तीन पन्हळी असायला हव्यात, तिथे मधल्या पन्हळीत पितळ भरून ती बुजवली आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याला ते बोट नव्हतं. टूलरूममध्ये, मिलिंग मशीनवर, प्रेसवर मी अशी माणसं पाहिली आहेत. हस्तांदोलन करताना त्यांचा हात वेगळाच लागतो. ज्याने ते पितळ ओतून घासून बसवलं त्याने फार निगुतीने काम केलंय. लोखंड आणि पितळ यांच्या सांध्यावरून नख फिरवलं तर कुठे अडत नाही.

मी उजवा. हात लांब, मान बेताची. ही रायफल खांद्याला लावली की शिंग बगलेत न बसता बरगडीत रुततं आणि डोळा नेम धरायच्या मागच्या पट्टीतल्या भोकाच्या वरून कुठेतरी भलतीकडे जातो. ती नीट धरायची तर डाव्या खांद्याला घ्यावी लागते, कंबर पुढे काढून, धड मागे झुकवून, डावं कोपर उंच आणि उजवं पोटाशी टेकवून. थोड्या वेळाने लक्षात येतं की हे उभं राहणं आपलं नाही. क्लबमधले एक गृहस्थ मला दर उन्हाळ्यात सांगतात, “नवा दस्ता करून घे ना तुझ्या मापाचा. जुना कपाटात जपून ठेव, विकताना परत लाव.” सल्ला व्यवहारी आहे. तसं करणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले नेमबाज आहेत. मला ते पटत नाही. नेम धरायचाच असेल तर आजच्या रायफली कितीतरी सरस आहेत. या रायफलीत आज कोणाला न मिळणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे तिचं मला न बसणं.

पॅरिसला 2024 साली आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं तेव्हा क्लबात मी सगळ्यांना पेढे वाटले. पेढे म्हणजे काय तेही समजावून सांगावं लागलं. पण त्या सामन्याचं चित्रण बघताना माझं लक्ष आजच्या रायफलींच्या दस्त्यांकडे होतं. बगलेतलं शिंग अजून आहे. फक्त आता सगळं ॲल्युमिनियमचं आणि स्क्रूवर फिरणारं. गालाची उंची, दस्त्याची लांबी, शिंगाचा कोन, सगळं हवं तसं हलवा आणि घट्ट करा. ही सुधारणाच आहे, यात वाद नाही. फक्त पुढच्या मालकाने स्क्रू फिरवले की आधीच्याचं माप पुसलं जातं.

पण दस्ता म्हणजे अर्धीच गोष्ट. खरी कारागिरी नळीत, आणि नळीच्याही तोंडाशी. शिशाची गोळी मागून भरली की एक भानगड होते. नळीच्या आत फिरकीच्या खाचा असतात. गोळी त्यांतून रेटली जाताना कापलेलं शिसं मागे सरकतं आणि गोळीच्या बुडाला बारीक कल्ले फुटतात. गोळी नळीतून बाहेर पडते त्या क्षणी मागून वायू सुटतो, आणि बुडाची कड जर एका बाजूने किंचितही वेगळी असेल तर वायू गोळीला एका अंगाने ढकलतो. जवळच्या निशाणावर याने काही बिघडत नाही. 200 यार्डांवर राजा व्हायचं की नाही ते यावर ठरतं. म्हणून या लोकांनी उलटा मार्ग काढला. गोळी पुढून ठासायची, ठासणीच्या बंदुकीसारखी, आणि दारू मात्र मागून काडतुसात भरून घालायची. पुढून ठासली की कल्ले गोळीच्या नाकाकडे जातात, बूड साफ राहतं. काडतूसही गंमतीचं: दिवसभर एकच. प्रत्येक बार उडवल्यावर स्फोटक टोपी बदलायची, दारू मोजून भरायची, तेच पितळ पुन्हा आत. नळीचं आतलं घर त्या एका काडतुसाला चांगलं ओळखतं, दुसऱ्याची गरज नसते.

मात्र पुढून ठासताना नळीचं तोंडच झिजलं तर सगळा खटाटोप फुकट. त्यावर उपाय म्हणजे फॉल्स मझल, खोटं तोंड. बोटाच्या एक-दोन पेरांएवढा नळीचाच तुकडा, चार पिनांनी नळीच्या टोकावर बसणारा. गोळी त्यात ठेवायची, वर दट्ट्या लावून तळव्याने थाप मारायची, गोळी खाचांत सरळ शिरते. मग गजाने खाली सारायची आणि तो तुकडा काढून ठेवायचा. काढायला विसरला तर बाराबरोबर तोही उडून जातो आणि नेमाचं वाटोळं होतं. म्हणून कित्येकांवर एक आडवी पट्टी किंवा खुंटी असते, ती माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेच्या आड येते. माशीच दिसली नाही की विसराळू माणसालाही आठवतं.

हे तोंड बनवायची रीत मला पहिल्यांदा कळली तेव्हा टूलरूमचा माणूस म्हणून मी मान डोलवली. नळीचा गज मुद्दाम लांब ठेवायचा. टोकाकडून पिनांची भोकं पाडायची. मग टोक कापून काढायचं, पिनांनी पुन्हा जागच्या जागी बसवायचं, आणि त्यानंतर दोन्ही एकत्र भोक पाडून, रीमरने साफ करून, फिरकीच्या खाचा एकाच हत्याराने सलग कापायच्या. त्यामुळे सांध्यावर खाच तुटत नाही. आणि त्यामुळेच एका नळीचं तोंड दुसऱ्या नळीला कधी बसत नाही, आणि हरवलं तर पहिल्यासारखं दुसरं करता येत नाही. पोलाद तेच हवं, कापायची वेळ तीच हवी.

या युक्तीचं पेटंट 1840 मध्ये घेतलं ॲल्व्हन क्लार्क नावाच्या माणसाने. मॅसॅच्युसेट्सचा हा माणूस पोटासाठी छोटी व्यक्तिचित्रं रंगवायचा आणि नेमबाजी मन लावून करायचा. पुढे तो दुर्बिणीची भिंगं घासू लागला, आणि त्या शतकातली मोठमोठी भिंगं त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या कारखान्यातून बाहेर पडली. 1862 च्या जानेवारीत त्याचा मुलगा साडेअठरा इंची भिंग तपासत असताना त्याला व्याधाच्या शेजारी एक अंधूक तारा दिसला. व्याधाचा तो जोडीदार तोवर कोणी पाहिलेला नव्हता, फक्त गणिताने त्याची चाहूल लागलेली होती. मला नेहमी वाटतं, नळीच्या तोंडाशी केसभर फरकाने काय होतं हे ज्याला आधीच कळलेलं होतं त्याला भिंगाच्या कडेचं वेगळं शिकवावं लागलं नसेल.

आणि मग हॅरी पोप. या विषयात पोपचं नाव काढलं की टोळक्यातला आवाज खाली येतो. कनेक्टिकटमधल्याच हार्टफर्डचा माणूस, आमच्याच गावचा म्हणायला हरकत नाही. काकाच्या सायकलींच्या कारखान्यात नोकरी आणि उरलेल्या वेळात नळ्या. आठ खाचा, फिरकी डावीकडे, मागे सैल आणि तोंडाकडे हळूहळू घट्ट होत जाणारी. 1901 मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याला चिकोपी फॉल्सला बोलावून घेतलं. तिथे चारेक वर्षं काढून तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, दुकान मांडतो न मांडतो तोच 1906 चा भूकंप झाला आणि पाठोपाठच्या आगीत सगळं गेलं. शेवटी जर्सी सिटीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्याने बस्तान बसवलं, आणि 1950 मध्ये वयाच्या नव्वदीकडे झुकताना वारला तोवर त्या शहरातून हलला नाही. त्या खोलीचे फोटो आहेत. बाकांवर, बाकांखाली, खिडकीत नळ्या, साचे, गज, कागद, धूळ, आणि मधून चालायला एक बोळ. काम कधी देणार याची तारीख तो कधी सांगायचा नाही आणि तसं लिहून दारावर लावलेलं होतं. घाई असेल त्याने आपली बंदूक उचलून न्यावी. ल्युशन केरी या लेखकाने त्याच्यावरून जे. एम. पाइन नावाचा कारागीर उभा करून गोष्टी लिहिल्या, त्या त्या काळी खूप वाचल्या गेल्या. मला स्वतःला त्या जरा गोड वाटतात. खरा पोप गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणारा माणूस होता, हे त्यांत फार लडिवाळपणे येतं.

पण त्याची नळी काय करू शकते ते 1901 च्या मे महिन्यात कोलोरॅडोतल्या बोल्डरला सी. डब्ल्यू. रोलंड या नेमबाजाने दाखवलं. टेकूवरून, 200 यार्डांवर, दहा गोळ्या. सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर 0.725 इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरांपेक्षा कमी. पुढे कित्येक दशकं त्या कागदाकडे बोट दाखवून लोक एकमेकांना गप्प करत होते. शिशाची गोळी, पुढून ठासलेली.

पुण्याचे माझे मेहुणे इथे आले होते. कपाटासमोर बराच वेळ उभे राहून म्हणाले, “भावजी, एवढं शिकून सवरून शेवटी बंदुकाच जमवल्यात होय? रोज टीव्हीवर काय चाललंय बघता ना?”

मी नेहमीचं उत्तर दिलं. या फक्त कागदावर चाललेल्या बंदुका आहेत, शिवाय 1898 किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकीला इथला 1968 चा केंद्रीय कायदा बंदूकच मानत नाही, पुराणवस्तू मानतो. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. आणि त्यांचं पुरतं चुकलंय असं मीही म्हणणार नाही. ‘फक्त कागदावर’ हे आम्ही संग्राहक जरा सवयीने बोलतो. खोट्या तोंडाच्या, दुर्बीण लावलेल्या जडशीळ रायफली घेऊन मॅसॅच्युसेट्सची अँड्र्यू शार्पशूटर्स ही तुकडी अमेरिकेच्या यादवी युद्धात उतरली होती. 1862 मध्ये अँटिटमच्या लढाईत त्यांना जवळून लढावं लागलं, एकेक गोळी ठासायला लागणारा वेळ अंगाशी आला आणि तुकडीतले पुष्कळ जण मारले गेले. त्याआधी दुरून टिपलेल्या माणसांचा हिशेब वेगळाच. पोलादाला समोर कागद आहे की काय ते कळत नाही, आणि इतक्या बारकाईने केलेलं काम सुंदर आहे म्हणून निष्पाप ठरत नाही. हे मान्य करूनही मला ती नळी हातात घ्यावीशी वाटते. मेहुण्यांना हे सांगितलं असतं तर कदाचित ते अधिक पटलं असतं.

पहिलं महायुद्ध आलं आणि जर्मन म्हणून जे जे होतं त्याची लोकांना लाज वाटू लागली किंवा वाटायला लावली गेली. शूट्सन मंडळांनी नावं बदलली, बरीच बंद पडली. मागून दारूबंदी आली, म्हणजे रविवारची बिअरही गेली. शेल माउंड पार्क 1924 मध्ये बंद झालं. नावाप्रमाणेच ते ओहलोनी लोकांच्या शिंपल्यांच्या टेकाडावर वसलेलं होतं, आणि त्या टेकाडात त्यांची माणसं पुरलेली होती. तिथे आधी नाच आणि नेमबाजी चालली, आता दुकानं आहेत.

रायफलींचे हाल तेव्हापासून सुरू झाले. बापाच्या माघारी मुलांना ती शिंगं विनोदी वाटली, म्हणून करवतीने कापली. 1930 नंतर छोट्या, वेगवान काडतुसांची टूम निघाली, तेव्हा बॅलार्ड आणि विंचेस्टरच्या यंत्रणांना भाव आला आणि हाताने महिनाभर खपून केलेल्या नळ्या उतरवून कोपऱ्यात टाकल्या गेल्या. खोट्या तोंडांचं काय, ती तर बघून कोणाला काय आहे तेच कळत नसे. लोखंडाची चकती समजून टाकली, पेपरवेट म्हणून वापरली. आज संग्रहात खोट्या तोंडासकट, साच्यासकट, दट्ट्यासकट अख्खी असलेली रायफल दुर्मीळ, आणि किमतीतही जमीन-अस्मानाचा फरक. बाजारात तोंडाविना रायफली आहेत आणि रायफलीविना तोंडं आहेत. क्लबच्या सामन्यांत अजून एक दृश्य दिसतं: कोणीतरी खिशातून असं एक अनाथ तोंड काढतो आणि ओळखीच्या नळ्यांवर टेकवून बघतो. पिना बहुतेकदा भोकांच्या जवळपासही नसतात. ज्याने ती नळी केली त्याने पिनांची जागा मनाने ठरवलेली असते.

काही वर्षांपूर्वी एका मयत गृहस्थाचा संग्रह लिलावात निघाला. लिलाववाल्यांनी रायफली एका दिवशी आणि ‘सुटी अवजारं’ दुसऱ्या दिवशी काढली. यादीतल्या फोटोत एका पोप नळीवरचा नंबर वाचता येत होता. दुसऱ्या दिवशीच्या खोक्यात, गंजलेल्या कानशी आणि साच्यांमध्ये, मला तोच नंबर कोरलेलं तोंड दिसलं. रायफल फोनवरच्या कोणी बोली लावणाऱ्याने माझ्या ऐपतीच्या बाहेर नेली. अवजारांच्या खोक्यावर माझ्याशिवाय दोनच हात वर झाले आणि तेही कानशींसाठी.

घरी येऊन ते तोंड रॉकेलमध्ये धुतलं. आठ खाचा, डावीकडे, कडा अजून धारदार. मी लिलाववाल्यांमार्फत रायफलीच्या मालकाला पत्र पाठवलं: तुमच्या नळीचं तोंड माझ्याकडे आहे, नंबर सोबत. महिन्याने उत्तर आलं, नम्र आणि अतिशय उत्साहाचं. वेगळं झालेलं पुन्हा एकत्र आलंच पाहिजे, याबद्दल आमचं अगदी एकमत झालं. त्यांनी तोंडाची किंमत विचारली. मी उलट टपाली रायफलीची किंमत विचारली. तेव्हापासून आम्ही एकमेकांना ख्रिसमसची कार्डं पाठवतो, आणि आकडा दोघांनीही अजून सांगितलेला नाही.